फुलपाखरू बसलेलं मिळतं, काही करताना मिळत नाही: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १०० मिमीची मॅक्रो लेन्स घेतली, फुलावर बसलेल्या फुलपाखरांचे स्वच्छ फोटो येऊ लागले, पण चिखलपान (ओल्या मातीतले क्षार शोषणं), मीलन, अंडी घालणं, नर-मादीची धावपळ यातलं काहीच हाती लागत नाही. जवळ जावं तर उडतं, लांबून काढावं तर नेमकं काय चाललंय ते दिसत नाही. लेन्स बदलू का? आणि जाता जाता विचारलंय की घरी अळी वाढवून कोशातून बाहेर येतानाचे फोटो काढले तर चालतात का.

लेन्सला दोष देऊ नका. अडचण मुख्यतः अशी आहे की तुम्ही फुलपाखराच्या मागे जाताय. मध पिणारं फुलपाखरू म्हणजे बाजारातलं चोखंदळ गिऱ्हाईक: या फुलावर दोन सेकंद, त्या फुलावर चार, पुढं कुठं जाईल सांगता येत नाही. पण अंडी घालायला निघालेली मादी, क्षार शोधणारा नर, हद्द राखणारा नर, रात्रभराच्या गारठ्यानंतर अंग तापवायला बसलेलं कुठलंही फुलपाखरू, यांच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. तिथं तुम्ही आधी जाऊन बसलात तर जवळ येण्याचं काम फुलपाखरू करतं. वर्तनाच्या छायाचित्रणात मला कळलेली हीच एक गोष्ट आहे. बाकीचं सगळं तिच्याभोवतीचा तपशील.

आधी लेन्सचं गणित मिटवू. मॅक्रो म्हटलं की लोकांना १:१ हवं असतं, म्हणजे सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्याच आकाराची; १:२ ला ती निम्मी, १:४ ला पाव. फुल फ्रेम कॅमेऱ्यात १:१ म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा तुकडा चौकटभर. ग्रास ज्वेल किंवा एखादं छोटं ब्लू, असलं चिमुकलं फुलपाखरू त्यात मावेल. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, पंख पसरून १२ ते १५ सेंटीमीटर भरतं. त्याचा एक पंखही मावणार नाही. शिवाय १:१ ला एफ ११ इतकं बारीक छिद्र ठेवलं तरी फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा भाग, जेमतेम सव्वा मिलिमीटर मिळते. त्याच एफ ११ ला १:२ वर ती चारेक मिलिमीटर होते आणि १:४ वर सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. वर्तन म्हणजे किमान दोन गोष्टींमधला संबंध: नर आणि मादी, मादी आणि पान, सोंड आणि ओली वाळू. दोन्ही गोष्टी चौकटीत हव्यात, दोन्ही ओळखू यायला हव्यात. त्यामुळे वर्तनाचे बहुतेक फोटो १:४ ते १:२ या पट्ट्यात निघतात. १:१ अंड्यासाठी, सोंडेच्या टोकासाठी, खवल्यांसाठी राखून ठेवा.

या पट्ट्याचा दुसरा फायदा अंतराचा. १०० मिमी मॅक्रोवर १:१ साठी लेन्सचं तोंड फुलपाखरापासून वीतभरही लांब राहत नाही. १:४ ला हेच अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास जातं, आणि एवढ्या अंतरावर कामात गुंतलेलं फुलपाखरू तुम्हाला सहसा सहन करतं. म्हणजे तुमची आहे तीच लेन्स पुरेशी आहे. खर्च करायचाच असेल तर मीटरभर अंतरावर फोकस होणारी एखादी १००-४०० झूम बघा. त्यातल्या काही एक-तृतीयांशाच्या जवळपास आकार देतात आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावरचं चिखलपान त्यांच्याशिवाय मिळत नाही. ३०० मिमी असेल तर त्यामागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, जवळचं फोकस करू देणारी) लावा, स्वस्तात काम होतं. ट्रायपॉड मात्र रानात मी नेत नाही. त्याचे पाय उघडेपर्यंत प्रसंग संपलेला असतो, आणि एक पाय हमखास त्याच फांदीला लागतो जिच्यावर फुलपाखरू बसलंय.

जवळ जाण्याबद्दल. फुलपाखराचे डोळे संयुक्त असतात. बारीक तपशील त्याला आपल्याइतका दिसत नाही, पण हालचाल फार चटकन कळते, आणि तीही जवळजवळ चहूबाजूंनी. त्यातही आडवी हालचाल त्याला जास्त खुपते. म्हणून समोरून सरळ रेषेत, खाली वाकून जा. बाजूला सरकायचं असेल तर आधी मागे या, मग दुसऱ्या रेषेने पुढे जा. कॅमेरा डोळ्याला लावूनच पुढे सरका, कारण जवळ पोचल्यावर कॅमेरा वर उचलणं हीच सगळ्यात मोठी हालचाल ठरते. सूर्य कुठे आहे ते आधी बघा. सावली अंगावर पडली की फुलपाखरू गेलंच. ज्या काडीवर ते बसलंय तिला टेकलेल्या दुसऱ्या काडीलाही तुमचा गुडघा लागता कामा नये. गवतात नव्वद टक्के फुलपाखरं धक्क्यानं उडतात आणि आपण म्हणतो ते लाजाळू होतं. (आकडा अंदाजाचा आहे, पण भावना खरी आहे.) घामाची काळजी करू नका. घामातल्या क्षारांसाठी ती उलट मनगटावर येऊन बसतात.

आता प्रत्यक्ष प्रसंगांकडे. सुरुवात चिखलपानापासून करा, कारण नवख्या माणसाला यात सगळ्यात लवकर यश येतं.

अळी पानं खाते, पानांत सोडियम फार कमी. तो भरून काढायला नर ओल्या वाळूवर, मातीवर बसून पाणी शोषतात, त्यातले क्षार ठेवून घेतात आणि मीलनाच्या वेळी शुक्राणूंच्या पिशवीबरोबर त्यातला वाटा मादीला देतात. म्हणून चिखलपानाच्या घोळक्यात जवळजवळ सगळे नर असतात, आणि बहुतेक ताजे, पंख न फाटलेले. फोटोसाठी हे सोन्याहून पिवळं. जागा कुठली? सह्याद्रीत पावसानंतर ओहोळ आटायला लागले की त्यांच्या कडेची वाळू, गावाबाहेरची धुणं धुण्याची जागा, गुरं बसतात तिथली मुतानं भिजलेली माती, विझलेल्या चुलीची ओली राख. जानेवारी ते मे हा काळ उत्तम, कारण ओल थोड्याच ठिकाणी उरते आणि गर्दी तिथंच होते. आंबोली घाटाखालचे ओहोळ, ताम्हिणी, कर्नाळा, येऊर, गोव्यात मोले, कुठेही जा; सकाळी साडेनऊनंतर ऊन वाळूवर पडू लागलं की तासाभरात कळतं जागा चालू आहे की नाही.

इथं घाई केली की सगळं जातं. पहिलं फुलपाखरू उतरतं, दोनदा जागा बदलतं, सोंड टेकवून बघतं, उडतं, परत येतं. या वेळात हलायचं नाही. सोंड वाळूत नीट रुतली, पंख मिटले, की दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. एकाला बसलेलं बघून दुसरं उतरतं, आणि बहुधा सजातीय सजातीयाशेजारीच बसतं: ब्लूबॉटलशेजारी ब्लूबॉटल, एमिग्रंटशेजारी एमिग्रंट. सात-आठ जमले की घोळका इतका बेफिकीर होतो की तुम्ही पोटावर सरपटत गेलात तरी चालतं. ताडपत्रीचा तुकडा सोबत ठेवा, कोपरं वाळूत टेका, उलटणारा स्क्रीन असेल तर तो वापरा. उडालेच सगळे, तर मागे हटू नका. जिथं आहात तिथं तसेच पडून राहा. घोळका वर घिरट्या घालून पुन्हा उतरतो, आणि त्या वेळेला तुम्ही त्यांच्या लेखी दगड झालेले असता.

फोटो काय काढायचा? वरून काढलेले घोळक्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. तुम्ही खाली, वाळूच्या पातळीवर या आणि एकाच ब्लूबॉटलकडे किंवा कॉमन जेकडे बघत राहा. सोंड काटकोनात वाळूत गेलेली असते. काही सेकंदांनी पोटाचं टोक किंचित वर उचललं जातं आणि तिथून पाण्याचा स्वच्छ थेंब बाहेर पडतो. कधी नुसता गळतो, कधी चांगला उडतो. पुन्हा काही सेकंद, पुन्हा थेंब. एका बाजूनं पाणी आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, मधल्या मध्ये क्षार गाळले जातात. चिखलपान म्हणजे काय हे एका चौकटीत सांगणारा फोटो हाच. त्यासाठी फुलपाखराच्या बरोबर बाजूला या, म्हणजे सोंडेपासून पोटाच्या टोकापर्यंतची सगळी रेषा सेन्सरला समांतर राहील. ऊन पलीकडून येऊ द्या, पाठीमागे सावलीतला खडक किंवा गडद पान ठेवा. थेंब तेव्हाच चमकतो. शटर १/१००० किंवा जास्त, एफ ८, आयएसओ लागेल तेवढा. थेंबांमधलं अंतर दोन-तीनदा मनात मोजा, ते बऱ्यापैकी सारखं असतं, आणि पुढच्या थेंबाच्या किंचित आधीपासून बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची माळ, सोडा. तुमच्या कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर असेल, म्हणजे बटण दाबण्याआधीच्या क्षणांच्या चौकटीही जो साठवतो, तर मोजण्याचीही गरज नाही.

चिखलपानात ऊन आणि संयम एवढंच लागतं. अंडी घालण्याच्या फोटोला झाडं ओळखावी लागतात. इथं छायाचित्रकार कमी पडतात आणि बागकाम करणारे पुढे जातात. मादी कुठल्याही पानावर अंडं घालत नाही. अळीला जे पान चालतं तेच तिला हवं असतं. प्लेन टायगरला रुई. लाइम आणि कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता, लिंबू. टेल्ड जेला रस्त्याकडेचा उंच खोटा अशोक. एमिग्रंटना बहावा, टाकळा. कॉमन क्रोला कण्हेर. रेड पिएरोला पानफुटी. बॅरनला आंबा. हळदीकुंकूला बांडगूळ, जे नेमकं उंच फांदीवर असतं आणि मान मोडते. कॉमन रोझ आणि सदर्न बर्डविंगला सापसंदाच्या कुळातले वेल. छोटा चांदवा, म्हणजे डॅनेड एगफ्लाय, त्याची मादी जमिनीलगतच्या घोळीवर. यातली निम्मी झाडं तुमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या आत सापडतील. कोल्हापूर असो की डोंबिवली, वर्तनाच्या छायाचित्रणाची सुरुवात आंबोलीला जाऊन करायची गरज नाही.

अंडी घालायला निघालेली मादी उडण्यावरून ओळखू येते. फुलांकडे लक्ष नाही, उड्डाण हळू, झाडाच्या कडेकडेनं, पानाला शिवायचं आणि सोडायचं, पुन्हा शिवायचं. ती पायांनी पानाची चव घेत असते. प्लेन टायगरच्या कुळात पुढचे दोन पाय आखूड झालेले असतात, त्यामुळे फोटोत चारच पाय दिसतात; पण मादी तेच आखूड पाय पानावर टपटप आपटून झाड योग्य आहे का ते पारखते. हे आपटणं इतकं झटपट असतं की डोळ्यानं दिसत नाही, स्लो मोशन व्हिडिओत दिसतं.

रुईवरचा प्रसंग नीट सांगतो, कारण तो शिकण्यासाठी उत्तम आहे. फांद्यांच्या शेंड्याकडची कोवळी पानं निवडा, त्यांच्यापासून पाऊण मीटरवर सावलीत बसा, कॅमेरा पानाच्या पातळीपेक्षा जरा खाली. मादी येते, पानाच्या कडेवर चार पायांनी पकड घेते, पोट कमानीसारखं वाकवून पानाखाली नेते आणि टोक एकदाच टेकवते. एक-दोन सेकंद. उडून गेली की तिथं मोत्याच्या रंगाचं, उभ्या बारीक रेघांचं एकच अंडं चिकटलेलं दिसतं. ती बहुधा त्याच झुडपावर किंवा शेजारच्या झुडपावर पुन्हा येते, म्हणून पहिल्यांदा फक्त बघा, ती कुठल्या बाजूनं येते आणि कुठली पानं टाळते. दुसऱ्या फेरीला कॅमेरा उचला. पक्ष्यांच्या फोटोतून आलेली सवय अशी की डोळा लख्ख फोकसमध्ये हवा. इथं ती मोडा. इथली घडामोड पोटाच्या टोकाशी आहे. फोकस तिथं हवा, डोळा मिळाला तर उत्तम. बाजूनं, शरीराला समांतर राहिलात तर १:३ च्या आसपास एफ ११ ला दोन्ही बसतात.

लाइम आणि मॉरमॉनच्या माद्यांचं तंत्र वेगळं. त्या अंडं घालतानाही पंख फडफडवतच ठेवतात, पानाला नुसत्या लोंबकळल्यासारख्या. १/५०० ला पंखांचा धूर होतो. १/२००० च्या वर जा. उलट टॉनी कोस्टर ही नवख्यांची मैत्रीण. कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलीवर ती एकाच पानाखाली अंड्यांचा पुंजका रचत बराच वेळ बसून राहते, पिवळं अंडं शेजारी पिवळं अंडं. तुम्ही लेन्स बदला, फ्लॅश लावा, पाणी प्या. ती तिथंच असते. तिच्या पोटाच्या टोकाशी खालच्या बाजूला तपकिरी खुंटीसारखं काही दिसलं तर तो फोटो वेगळा घ्या. नरानं मीलनानंतर बसवलेलं ते बूच असतं, दुसऱ्या नराला वाट बंद करणारं.

प्रणयाराधनाचा विषय अवघड, कारण तो हवेत आणि वेगात चालतो. यात मी सांगेन ते एवढंच: जमिनीजवळ घडणारे प्रकार निवडा. कॉमन ग्रास यलोची मादी टाकळ्याच्या पानावर बसलेली असते, नर शेजारी येऊन पंखांची फडफड करतो, कधी तिला धडकतोही. मादी पंख पसरून पोट सरळ वर उभं करते. या फोटोखाली ‘मादीचं आमंत्रण’ असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलंय. तो नकार आहे. या कुळात आधीच मीलन झालेली मादी पोट वर उचलते, म्हणजे नराला जोडताच येत नाही. वर्तनाचा फोटो काढणाऱ्यानं वर्तन वाचायलाही शिकावं, नाहीतर चांगला फोटो चुकीची माहिती पसरवत फिरतो.

दुसरा सोपा प्रकार खुळखुळ्याच्या झुडपावर मिळतो. पावसाळा सरला की माळावर खुळखुळा वाळायला लागतो. टायगर आणि क्रो मंडळींचे नर त्या वाळक्या पानांवर, शेंगांवर जमतात, पायांनी खरवडतात आणि सोंडेनं रस घेतात. भुरुंडीच्या सुकत्या फांदीवरही येतात. त्यातल्या अल्कलॉइड नावाच्या रसायनांपासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. नशीब असेल तर कॉमन क्रोचा नर संथ उडताना पोटाच्या टोकातून पिवळ्या केसांचे दोन झुबके बाहेर काढलेले दिसतात, तो गंध पसरवताना. उडतानाचा फोटो शिकायचा असेल तर हा नर पकडा; इतकं हळू आणि एका रेषेत उडणारं दुसरं काही सापडायचं नाही.

मीलन मात्र शांत असतं. जोडी शेपटीला शेपटी लावून, तोंडं विरुद्ध दिशांना करून बसते, अनेकदा तासभर किंवा जास्त. इथं सगळं कौशल्य कोन निवडण्यात: दोन्ही शरीरांची मिळून जी रेषा होते ती सेन्सरला समांतर हवी, आणि जोडाची जागा उघडी दिसायला हवी. जोडी धक्क्यानं उडाली तर एकजण दुसऱ्याला ओढत नेतो. तशी दोनदा उडवलीत तर तिसऱ्यांदा मागे जाऊ नका.

हद्द राखणारे नर हा दुपारचा उद्योग. एगफ्लायचा नर एकाच काडीवर पुनःपुन्हा येतो. प्रत्येक उडणाऱ्या गोष्टीमागे धावतो, तुम्ही टाकलेल्या खड्यामागेसुद्धा. काडीवर फोकस बांधून ठेवा आणि उतरण्याच्या क्षणाची वाट बघा. टेकडीच्या माथ्यावर नवाब आणि राजा मंडळींचे नर असेच पहारे देतात. त्यांना खाली आणायला लोक सडके खेकडे, कोलंबी, कुजलेली केळी ठेवतात. माझा याला सरसकट विरोध नाही, पण फोटोखाली तसं लिहा. खेकड्यावर बसलेला नवाब हे खाण्याचं खरं वर्तन आहे, पण जागा तुम्ही ठरवलेली असते.

छोट्या ब्लूंकडे दुर्लक्ष करू नका. बसल्या बसल्या मागचे पंख वरखाली घासत राहतात, त्यानं मागच्या बारीक शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि पक्ष्याला खोटं डोकं दिसतं. इथं उलटं तंत्र: शटर मुद्दाम १/३० ते १/६० वर उतरवा, म्हणजे खरं डोकं स्थिर आणि खोटं डोकं हललेलं येईल. ज्यांचा तो भाग तुटलेला आहे अशी फुलपाखरंही काढा. पक्षी फसला याचा पुरावा तोच. आणि एखादं स्किपर जातीचं फुलपाखरू पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेवर बसलेलं दिसलं तर तोंड फिरवू नका. ते पोटातून थेंब सोडून ती भिजवतं आणि मग सोंडेनं पितं. घाण विषय आहे, फोटो भन्नाट येतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. फ्लॅश वापरायचा तर मोठ्या डिफ्यूझरमधून (उजेड मऊ करणाऱ्या पडद्यातून) आणि उन्हाला पूरक म्हणून, दीड-दोन स्टॉप उणे, म्हणजे बराच मंद. फ्लॅशच मुख्य केला की मागचं रान काळं होतं, आणि वर्तनाच्या फोटोत झाड, माती, ओलावा हे सगळं कथेचा भाग असतं. कडक उन्हात ढग आला की फुलपाखरं जागच्या जागी बसून राहतात आणि उजेडही मऊ होतो. ती काही मिनिटं फुकट घालवू नका. सकाळी लवकर, ऊन अंगावर पडायच्या सुमारास, ती गारठलेली असतात. काही पंख पूर्ण पसरून ऊन खातात, ग्रास यलोसारखी पंख मिटून उन्हाला कुशीवर कलतात. तेव्हा १:१ सुद्धा हातानं जमतं. बाकी काळ म्हणाल तर संख्येनं सगळ्यात जास्त फुलपाखरं सप्टेंबर ते नोव्हेंबर. आंबोलीजवळच्या पारपोली गावाला लोक फुलपाखरं बघायला याच दिवसांत जातात.

काही गोष्टी मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. फुलपाखरू फ्रिजमध्ये थंड करून ‘नैसर्गिक’ जागी ठेवणं, पंख धरून बसवणं, पाणी फवारून दव दाखवणं, अंड्यासमोरचं पान तोडणं. समोर येणारं पान वाकवून क्लिपनं बाजूला धरा आणि निघताना सोडा. ते पान त्या अंड्याची सावली असतं. अंडी, अळ्या, फुलपाखरं रानातून उचलणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली अडचणीत आणू शकतं. कायद्याच्या अनुसूचीतली, म्हणजे संरक्षित यादीतली, सगळीच काही दुर्मीळ दिसणारी नाहीत. अभयारण्यात पायवाट सोडण्यापूर्वी वनरक्षकाला विचारा. आणि कोपर टेकण्याआधी झुडूप नीट बघा: आंबोलीच्या पावसाळी रानात चापडा हा विषारी साप हाताच्या उंचीवर, फांदीवर वेटोळं घालून बसतो, पानाच्याच रंगाचा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. घरी अळी वाढवावी का? तुमच्याच कढीपत्त्यावर किंवा अंगणातल्या रुईवर आलेली असेल तर खुशाल. खरं तर वाढवण्यासारखं काही नसतं, तिला त्याच झाडावर राहू द्यायचं आणि कोश कुठं होतो ते बघायचं. रानातून आणू नका. कोश झाल्यावर उबदार दिवसांत आठवडा-दीड आठवडा लागतो. थंडीत लाइमचा कोश कितीही रेंगाळू शकतो. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोशाची भिंत पारदर्शक होत जाते आणि आतल्या पंखांचे रंग दिसतात. त्या रात्रीच तयारी करून ठेवा, कारण बहुधा सकाळीच बाहेर येतं. या एकाच कामाला ट्रायपॉड हवा. चौकट उभी ठेवा आणि कोशाच्या खाली त्याच्या दुप्पट तरी जागा सोडा. कोशावरच चौकट भरून ठेवलीत तर पंख उलगडताना चौकटीबाहेर जातात. एलईडी चालेल, तापणारा दिवा नको.

कोश चिरतो आणि मिनिटभरात फुलपाखरू बाहेर, पोट फुगलेलं, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. सगळ्यांचा कॅमेरा तेव्हा पंखांवर असतो. तुम्ही तोंडाकडे बघा. सोंड या क्षणी एक नसते, दोन वेगळे धागे असतात. ते पुन्हा पुन्हा गुंडाळून आणि उलगडून फुलपाखरू त्यांची एक नळी जुळवतं. हे काही मिनिटंच चालतं आणि १:१ ची खरी गरज इथं लागते. पंख उलगडायला दहा-वीस मिनिटं, कडक व्हायला तासभर किंवा जास्त, मधेच पोटातून लालसर-तपकिरी थेंब पडतो, तो जखमेचा नसतो. या फोटोंखाली ‘घरच्या झाडावर’ असं स्पष्ट लिहा. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचा, काही ठिकाणी पाळलेल्या प्राण्यांचे फोटो चालत नाहीत.

एक शक्यता मनात ठेवा. कोश काळा-तपकिरी पडतो, रंग काही उमटत नाहीत आणि एके दिवशी त्याला टाचणीनं पाडल्यासारखं भोक दिसतं. त्यातून फुलपाखराऐवजी बारीक चकचकीत परजीवी गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर येतात. कोश होताच त्यांच्या आईनं त्यात अंडी घातलेली असतात. माणसं इथं हळहळून कॅमेरा बंद करतात. तुम्ही १:१ वर जा, एफ ११, फ्लॅश डिफ्यूझरसकट, आणि भोकातून अर्धी बाहेर आलेली माशी मिळेपर्यंत काढत राहा. असे फोटो आपल्याकडे फारच कमी आहेत.